टाकी भरली की मोटर बंद: एक साधी चिप पुरेल की आर्डुइनो लागेल?

सकाळचे साडेसहा. गच्चीवरून पाण्याची धार पार्किंगमधल्या गाड्यांवर पडतेय आणि तिसऱ्या मजल्यावरून आवाज येतो, "अहो, मोटर बंद करा कुणीतरी!" हा प्रसंग तुमच्याही बिल्डिंगमध्ये घडत असेल. आणि तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्सचा थोडाफार नाद असेल, तर त्याच क्षणी डोक्यात येतं, हे आपणच बनवू की! टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप सुरू, भरली की बंद.

मग यूट्यूब उघडलं जातं आणि तिथेच गाडी अडते. एक व्हिडिओ सांगतो, बाजारात मिळणारी एक १४ पायांची साधी लॉजिक चिप घ्या, काम झालं. दुसरा सांगतो, या जुन्या चिपांच्या नादी कशाला लागता, आर्डुइनो घ्या, चार ओळींचा कोड लिहा. खाली कमेंटमध्ये भांडणं. एक गट म्हणतो, मोटर चालू-बंद करायला कॉम्प्युटर कशाला? दुसरा म्हणतो, २१व्या शतकात गेट कोण जोडत बसतं?

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण "कोणतं जास्त आधुनिक" किंवा "कोणतं स्वस्त" हा प्रश्नच इथे कामाचा नाही. तुमच्या सर्किटमधलं काय पुढे बदलणार आहे आणि काय कधीच चुकून चालणार नाही, यावर ही निवड ठरते. हे समजून घ्यायला आपण ती पाण्याची टाकीच घेऊ.

आधी दोन शब्दांत ओळख

लॉजिक चिप म्हणजे ठरावीक नियम पाळणारं तयार सर्किट. आतल्या प्रत्येक भागाला 'गेट' म्हणतात. 'अँड' गेटचा नियम असा, की दोन्ही इनपुट चालू असतील तरच आउटपुट चालू. 'नँड' हे त्याच्या बरोबर उलट, म्हणजे दोन्ही इनपुट चालू असतील तरच आउटपुट बंद, एरवी चालू. हा नियम कारखान्यातच सिलिकॉनमध्ये कोरलेला असतो. तो बदलता येत नाही आणि बिघडवताही येत नाही.

या चिपांची दोन मोठी घराणी आहेत. १९६०च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आणलेली ७४०० मालिका आणि १९६८मध्ये आरसीए कंपनीने आणलेली ४००० मालिका. साठीच्या आसपास पोचलेल्या या दोन्ही मालिकांमधल्या अनेक चिपा आजही बनतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत 'सीडी ४०११ द्या' म्हटलं, की दुकानदार मान वर न करता खण उघडतो.

आर्डुइनोवर मात्र मायक्रोकंट्रोलर असतो, म्हणजे एका चिपमधला छोटा कॉम्प्युटर. आर्डुइनो ऊनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये ३२ किलोबाइट प्रोग्राम मावतो आणि ती सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालते. तिचा स्वतःचा असा काही नियम नसतो. तुम्ही जो कोड घालाल तो ती वरून खाली वाचते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

फरक पंगतीसारखा आहे. मायक्रोकंट्रोलर हा एकटा पण भलताच चपळ वाढपी. पानापानावरून पळत काय हवं-नको बघतो. गेटच्या सर्किटमध्ये प्रत्येक पानामागे एक वाढपी कायमचा उभा असतो. त्याला एकच पदार्थ वाढता येतो, पण तुम्ही पानाकडे बोट दाखवायच्या आत तो वाढून मोकळा.

टाकीचं कोडं

आता टाकी. वाटतं तितकं हे सोपं नाही, कारण इथे एक गोम आहे. टाकी अर्धी भरलेली आहे. मोटर चालू हवी की बंद?

उत्तर आहे, 'आधी काय चाललं होतं त्यावर अवलंबून.' पाणी चढत असेल तर मोटर चालूच राहायला हवी. टाकी भरून झालेली असेल आणि लोक पाणी वापरत असतील तर बंदच राहायला हवी. म्हणजे सर्किटला मागची गोष्ट आठवायला हवी. एकच सेन्सर लावून हे केलं, तर पाण्याची पातळी जराशी हलली तरी मोटर चालू-बंद, चालू-बंद करत बसेल आणि काही दिवसांत मोटर नाही तर रिले कामातून जाईल.

म्हणून दोन फ्लोट स्विच लागतात, एक तळाजवळ, एक वर. आणि लागतो 'लॅच', म्हणजे एका बिटाची स्मरणशक्ती. दोन नँड गेट घ्यायचे, पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या इनपुटला जोडायचं. झाला लॅच. एका मोकळ्या इनपुटला क्षणभर शून्य मिळालं की तो 'चालू' लक्षात ठेवतो, दुसऱ्याला मिळालं की 'बंद'. दोन गेट एकमेकांना धरून बसतात आणि त्यातून आठवण तयार होते, हे पहिल्यांदा ब्रेडबोर्डवर पाहताना खरंच गंमत वाटते.

सीडी ४०११ या चिपमध्ये असे चार नँड गेट असतात. दोन लॅचमध्ये गेले. उरलेल्या दोनमध्ये आणखी एक महत्त्वाचं काम होतं. खालच्या हौदात पाणीच नसेल तर मोटर कोरडी फिरून जळू शकते. त्यामुळे हौदात तिसरा फ्लोट स्विच टाकायचा आणि 'लॅच चालू म्हणतोय' व 'हौदात पाणी आहे' या दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच मोटर सुरू करायची. तिसरा गेट लॅचचं आउटपुट उलटवण्यासाठी, चौथा या दोन अटी एकत्र करण्यासाठी. चौथ्याचं आउटपुट शून्यावर गेलं की बीसी ५५७ हा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि तो रिले ओढतो. रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. चिप थेट १२ व्होल्टवर चालते, त्यामुळे रिले आणि चिप एकाच अडॅप्टरवर.

चारही गेट वापरले गेले. प्रोग्राम नाही, लॅपटॉप नाही. चिपची किंमत साधारण वडापावाएवढी.

पण थांबा, उंदीर आहेत

खरी परीक्षा इथून पुढे आहे, आणि बहुतेक व्हिडिओ याच्या आधीच संपतात.

गच्चीवरून खाली आलेली वायर उंदराने कुरतडली तर? समजा वरचा फ्लोट टाकी भरल्यावर संपर्क जोडतो, अशी रचना केली आहे. वायर तुटली, की तो संपर्क कधीच जोडला जाणार नाही आणि पाणी पार्किंगमध्ये. म्हणून उलट करायचं. टाकी भरलेली नसताना संपर्क जोडलेला आणि भरल्यावर तुटणारा. मग तुटलेली वायर आणि भरलेली टाकी सर्किटला सारखीच दिसते, मोटर बंद राहते. पाणी नाही म्हणून लोक ओरडतील, कुणीतरी वर जाऊन बघेल, वायर सापडेल. हौदाच्या फ्लोटचंही असंच, पाणी असताना जोडलेला. तळाचा फ्लोट मात्र टाकी रिकामी असताना जोडणारा, म्हणजे त्याची वायर तुटली तर मोटर सुरूच होणार नाही. तिन्ही ठिकाणी बिघाड झाला तरी कौल 'बंद'च्या बाजूने.

दुसरा प्रश्न. तळाचा फ्लोट शेवाळामुळे अडकला आणि 'टाकी रिकामी' असंच ओरडत राहिला, तेव्हा वरचा सांगतोय 'भरली'. दोघंही एकदम बोलले तर लॅच काय करेल? नँड लॅचमध्ये अशा वेळी दोन्ही आउटपुट चालू होतात. 'चालू' बाजूचं आउटपुट मोटरला जोडलं असेल तर मोटर फिरत राहील, पाणी वाहत राहील. 'बंद' बाजूचं आउटपुट उलटवून घेतलं, तर वरच्या फ्लोटचं म्हणणं चालेल. वर तिसरा गेट उलटवायला वापरला, तो याच कारणासाठी. एक वायर या पायाला की त्या पायाला, एवढाच फरक.

तिसरा प्रश्न वीज जाण्याचा. वीज परत येते तेव्हा लॅच कोणत्या बाजूला झुकेल, याची काही खात्री नसते. त्यासाठी 'बंद'च्या इनपुटवर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर अशी जोडी लावतात. कपॅसिटर भरेपर्यंत ते इनपुट शून्यावर राहतं आणि लॅच दर वेळी 'बंद'पासूनच सुरुवात करतो.

म्हणजे साधी चिप 'सोपी' आहे असं नाही. विचार तितकाच करावा लागतो. फक्त तो विचार एकदा वायरमध्ये उतरला की तिथेच राहतो.

हेच आर्डुइनोवर

आर्डुइनोवर हीच गोष्ट अशी लिहिली जाते. तिन्ही फ्लोट वाच. वरचा 'भरली' म्हणत असेल तर मोटर बंद. नाहीतर, हौद रिकामा असेल तर मोटर बंद. नाहीतर, तळाचा 'रिकामी' म्हणत असेल तर मोटर चालू. यातलं काहीच नसेल तर जे चाललंय ते चालू दे.

शेवटचं वाक्य बघा. दोन गेट एकमेकांत गुंतवून जी स्मरणशक्ती बनवली होती, ती इथे 'काही करू नकोस' एवढ्यात मिळाली. आणि दोन सेन्सर भांडले तर कुणाचं ऐकायचं, हे अटी कोणत्या क्रमाने लिहिल्या त्यावर ठरलं. वायर हलवायची गरज नाही. कोणी नवखा असेल तर त्याला हा कोड वाचायलाही सोपा जातो. वायर कशी तुटावी याचा विचार मात्र इथेही तसाच करावा लागतो, कारण उंदराला आत कोणती चिप आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

नवीन काळजी मात्र वाढतात. मोटर सुरू-बंद होताना रिलेच्या संपर्कांत ठिणगी पडते आणि तिचा विद्युत गोंगाट पुरवठ्याच्या वायरमधून बोर्डापर्यंत पोचतो. बोर्ड रीसेट होऊ शकतो, किंवा कोड मध्येच गोठतो. गोठताना रिले चालू असेल तर तो चालूच राहतो! यावर उपाय आहेत. मायक्रोकंट्रोलरमध्ये 'वॉचडॉग' नावाचा टायमर असतो. कोडने ठरावीक वेळेत त्याला 'मी जिवंत आहे' असं कळवलं नाही, तर तो चिप रीसेट करतो. एटीमेगा ३२८पीमध्ये ही मुदत जास्तीत जास्त ८ सेकंदांची ठेवता येते. पण तो वापरायचा हे माहीत असावं लागतं. हौशी प्रोजेक्टच्या कोडमध्ये तो क्वचितच दिसतो.

गोंगाटाचा त्रास गेटला होत नाही असं नाही. लॅचही चुकीच्या बाजूला उडी मारू शकतो. पण वरचा फ्लोट 'भरली' म्हणत असेल, तर तो पुढच्याच क्षणी आपोआप जागेवर येतो. गेट गोठत नाही.

मग सेक्रेटरींचा फोन येतो

इथपर्यंत ऐकून तुमचा कल चिपकडे झुकला असेल. थोडं थांबा, कारण खरी गोष्ट सर्किट चालायला लागल्यावर सुरू होते.

पहिल्या आठवड्यात सेक्रेटरी म्हणतात, "छान झालं! फक्त एक करा, मोटर ४० मिनिटांपेक्षा जास्त चालली तर बंद झाली पाहिजे. मागे पाइप फुटला होता." गेटमध्ये हे जमतं. सीडी ४०६० ही चिप संथ ठोके मोजून लांबचा वेळ देते. एक चिप वाढली, थोडी जोडाजोडही वाढली. बोर्ड नव्याने सोल्डर करायचा.

दुसऱ्या आठवड्यात, "महापालिकेचं पाणी सकाळी ६ ते ८ येतं. त्याच वेळात मोटर चालवली तर?" आता घड्याळ हवं. डीएस३२३१सारखी घड्याळाची चिप वेळ सांगते, पण ती आकड्यांच्या भाषेत बोलते, आधी पत्ता विचारते, मग माहिती पाठवते. तिच्याशी गेट जोडून संवाद साधायचा तर चिपांचं जंगल होईल. मायक्रोकंट्रोलरला ते काम तयार लायब्ररीने काही ओळींत होतं.

तिसऱ्या आठवड्यात, "मोबाइलवर मेसेज येईल का?" इथे चर्चा संपली. वायफाय असलेला ईएसपी३२ घ्यायचा आणि कामाला लागायचं.

हा अनुभव नवा नाही. १९७५मध्ये अटारी कंपनीसाठी 'ब्रेकआउट' या व्हिडिओ गेमचं सर्किट स्टीव्ह वॉझनियाक यांनी बनवलं. ते काम स्टीव्ह जॉब्स यांनी आणलं होतं. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, प्रोग्राम नव्हता. चेंडू, विटा, गुण, सगळं चाळीस-पंचेचाळीस लॉजिक चिपांच्या जोडणीतून. जोडणी इतकी काटेकोर होती, की अटारीने उत्पादनासाठी ती वापरलीच नाही, दुसरी केली. पुढे १९७७मध्ये बाजारात आलेल्या ॲपल टूवर वॉझनियाक यांनी तोच खेळ बेसिक भाषेत लिहिला. विटांचा रंग बदलायचा, चेंडूचा वेग वाढवायचा, तर एक आकडा बदला आणि पुन्हा चालवा. जे प्रयोग चिपांमध्ये करायला आयुष्य गेलं असतं ते एका बैठकीत होताहेत, हे त्यांच्या तिथे लक्षात आलं, असं त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. कमी चिपांत सर्किट बसवण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या माणसाचा हा अनुभव आहे.

तर मोजण्याची गोष्ट चिपची किंमत नाही. मागण्या किती वेळा बदलणार, हे मोजा. माझा ढोबळ हिशोब असा, की काम एका-दोन चिपांत बसत असेल आणि पुढच्या वर्षीही तेच राहणार असेल, तर गेट. तिसरी-चौथी चिप यायला लागली, वेळ मोजायची वेळ आली, स्क्रीन किंवा फोन जोडायचा झाला, तर मायक्रोकंट्रोलर. मधल्या पट्ट्यात एटीटाइनी८५सारखी आठ पायांची चिप असते. आकाराने ५५५ टायमरएवढीच, पण आत ८ किलोबाइट प्रोग्राम मावणारी. आर्डुइनो ऊनो वापरूनच तिच्यात कोड भरता येतो. पूर्वी ५५५ आणि सीडी ४०१७ जोडून दिव्यांची पळती रांग करत, तसली छोटी कामं ही एकटी करते.

दहा वर्षांनी दुरुस्त कोण करणार?

हा प्रश्न हौशी मंडळी स्वतःला विचारत नाहीत, आणि तो विचारायला हवा.

तुम्ही शिकायला किंवा नोकरीला बाहेरगावी गेलात. सोसायटीच्या मीटर रूममधला तुमचा डबा बंद पडला. आत सीडी ४०११ असेल आणि झाकणाच्या आत सर्किटचा कागद चिकटवलेला असेल, तर कुठलाही बरा रिपेअरवाला सॉकेटमधली चिप काढून नवी बसवेल. ती चिप एकापेक्षा जास्त कंपन्या बनवतात, कुणाचीही चालते.

मायक्रोकंट्रोलर जळाला तर बाजारातून नवा आणून काही होत नाही. तो कोरा असतो. कोड कुठे आहे? जुन्या लॅपटॉपमध्ये, जो भंगारात गेला. सापडला तरी ज्या लायब्ररीवर तो लिहिला होता, तिची आवृत्ती बदललेली असू शकते. यावर उपाय साधा आहे, पण करावा लागतो. कोड ऑनलाइन ठेवा, वापरलेल्या लायब्ररींच्या आवृत्त्या कोडच्या वरच लिहा, आणि आधीच प्रोग्राम भरलेली एक जादा चिप डब्यातच चिकटपट्टीने लावून ठेवा. तो जादा खर्च सगळ्यात आधी वसूल होतो.

दोन्ही एकत्र का नाही?

सेक्रेटरींच्या टाकीसाठी मी काय निवडेन? ईएसपी३२. वेळ, मेसेज, ४० मिनिटांची मर्यादा, हे सगळं कोडमध्ये, कारण हे उद्या बदलणार. पण पाणी वाहून जाऊ न देणं हे काम मी कोडवर सोडणार नाही.

वरच्या फ्लोटच्याही वर एक जादा फ्लोट स्विच लावायचा आणि त्याचा संपर्क रिलेच्या कॉइलच्या वायरमध्येच एकसर जोडायचा. टाकी धोक्याच्या पातळीला पोचली की तो संपर्क तुटतो आणि रिलेला वीजच मिळत नाही. ईएसपी३२ गोठलेला असो, वायफायला चिकटून बसलेला असो, की माझ्या कोडमध्ये घोळ असो, मोटर थांबते. इथे गेटही नाही, नुसता स्विच आहे.

बाकी बाबतीतही ही जोडी नेहमी दिसते. आर्डुइनोचे पाय कमी पडले की ७४एचसी५९५ लावून तीन पायांतून आठ आउटपुट काढतात. बटणाचा खडखडाट गाळायला ७४एचसी१४ असतं. रिले आणि छोट्या मोटर चालवायला यूएलएन२००३ लागतं. आर्डुइनोच्या जमान्यातही या चिपा खपतात त्या अशाच कामांसाठी. नवीन शिकणाऱ्याने आर्डुइनोसोबत यातल्या दोन-दोन आणून ठेवाव्यात.

वाढपी कितीही चपळ असला तरी

टाकीला घाई नसते. काही प्रोजेक्टना असते, आणि तिथे हिशोब बदलतो.

आर्डुइनो ऊनोला एक सूचना पार पाडायला किमान ६२.५ नॅनोसेकंद लागतात, आणि नेहमीच्या लायब्ररीतून एखादा पाय चालू करायला काही मायक्रोसेकंद. ७४एचसी कुटुंबातला गेट साधारण १० नॅनोसेकंदांत उत्तर देतो. जुन्या व्हीजीए मॉनिटरवर ६४० बाय ४८०चं चित्र काढायचं तर दर ४० नॅनोसेकंदांना एक ठिपका हवा. ऊनोची एक सूचना पुरी होईपर्यंत दीड ठिपका निघून गेलेला असतो. पंगतीत एकटा वाढपी इथे हरतो.

मग ४० गेटचिपा जोडायच्या? त्याची गरज उरलेली नाही. गेटच प्रोग्राम करता येतील अशा चिपा आहेत. मोनोलिथिक मेमरीज कंपनीने १९७८मध्ये 'पाल' नावाची अशी चिप आणली. तिचेच वंशज, एटीएफ१६व्ही८ आणि एटीएफ२२व्ही१०, आजही मायक्रोचिप कंपनी बनवते. जुन्या धाटणीचे कॉम्प्युटर घरी बांधणाऱ्यांच्या त्या आवडत्या आहेत, कारण चार-पाच गेटचिपांचं काम एकीत बसतं. पुढची पायरी एफपीजीए. १९८५मध्ये झायलिंक्सच्या पहिल्या एफपीजीएत ६४ लॉजिक ब्लॉक होते. आज टँग नॅनो ९के या हौशी लोकांसाठीच्या छोट्या बोर्डावर ८,६४० छोटे लॉजिक घटक मिळतात.

एक गैरसमज इथे हमखास होतो. एफपीजीएसाठी व्हेरिलॉगसारख्या भाषेत लिहावं लागतं आणि ते दिसायला कोडसारखंच दिसतं. पण त्या ओळी एकामागून एक चालत नाहीत. ते सर्किटचं वर्णन असतं. आर्डुइनो येतं म्हणून एफपीजीए सहज येईल असं समजू नका. उलट ज्याने ब्रेडबोर्डवर लॅच जोडून पाहिलाय त्याला ते लवकर कळतं. टाकीसाठी एफपीजीए वापरणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं. आणि व्हीजीएसारख्या कामालाही आता मधला रस्ता आहे. २०२१मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोमध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय फक्त पायांवरचे वेगवान संकेत सांभाळणारे छोटे स्वतंत्र प्रोग्रामेबल भाग आहेत. त्यामुळे पूर्वी ज्यासाठी एफपीजीए घ्यावा लागे, त्यातली बरीच हौशी कामं त्यावर होतात.

दुकानात जाण्यापूर्वी

चिप घ्यायची ठरवलीत तर नावातली मधली अक्षरं बघा. ७४एलएस फक्त ५ व्होल्टवर चालते. ७४एचसी २ ते ६ व्होल्टवर. सीडी ४००० मालिका ३पासून पार १५ व्होल्टच्या पुढेही. रिलेचे १२ व्होल्ट चुकून ७४एचसीला दिले, तर ती चिप गेली म्हणून समजा. ७४०० आणि सीडी ४०११, दोन्हींत चार नँड गेट असतात, पण पायांची मांडणी वेगळी आहे. एकाच्या जागी दुसरी बसत नाही. ईएसपी३२ किंवा पिको ३.३ व्होल्टवर बोलतात. त्यांना ५ व्होल्टच्या चिपशी जोडायचं असेल तर ७४एचसीऐवजी ७४एचसीटी मागा. ती ३.३ व्होल्टला खात्रीने 'चालू' समजते.

सीमॉस चिपचं न वापरलेलं इनपुट कधीही मोकळं सोडू नका. पुरवठ्याला किंवा ग्राउंडला जोडा. मोकळं इनपुट अँटेनासारखं वागतं. माझ्या पहिल्या ब्रेडबोर्डवर मी हात जवळ नेला की एलईडी लुकलुकायचा, आणि तासभर मी चिप खराब आहे म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात बोलत होतो. मोकळं सोडलेलं इनपुट माझंच होतं.

पैसे खर्च करायच्या आधी दोन्ही रस्ते फुकटात चालून बघता येतात. गेटचं सर्किट फॉल्स्टॅडच्या सिम्युलेटरवर आणि आर्डुइनोचा कोड वॉकवीवर ब्राउझरमध्येच चालतो. फॉल्स्टॅडवर लॅच जोडून दोन्ही इनपुट एकदम शून्य करून बघा. वर सांगितलेली भानगड समोर दिसेल.

आणि २३० व्होल्टची बाजू इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या. बाजारातल्या निळ्या रिले मॉड्यूलवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि त्या रिलेचे संपर्क चिकटून बसू शकतात. चिकटलेला रिले तुमची चिपही सोडवू शकत नाही, कोडही नाही, आणि कॉइलच्या वायरमधला तो जादा फ्लोटही नाही. म्हणून छोट्या रिलेने मोटरच्या क्षमतेचा काँटॅक्टर चालवायचा आणि काँटॅक्टरने मोटर. धोक्याच्या पातळीचा फ्लोट मग काँटॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत घ्यावा लागतो. त्या कॉइलला बहुतेक वेळा २३० व्होल्टच असतात. पाण्यात बुडणाऱ्या वायरमध्ये ते जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून मध्ये १२ व्होल्टचा दुसरा छोटा रिले लावायला इलेक्ट्रिशियनला सांगा.